लपायच्या जागा

३ मार्च
पोचले एकदाची! धाकटीच्या खोलीत माझी ट्रंक मावेना, म्हणून ट्रंक आत आणि आम्ही दोघी बहिणी दारात, अशा हसत बसलो. नोकरीही तिनेच शोधली. ती बिलं करते त्या तीनमजली फर्निचरच्या दुकानात कामगारांना शिकवायचं, की कुणी हत्यार घेऊन घुसलं तर जीव कसा वाचवायचा. मागे एका दुकानात असं झालं, तेव्हापासून मालकांनी धसका घेतलाय. मी शाळेत पीटी शिकवलीय. आवाज खणखणीत, शिट्टी घरची.

६ मार्च
पहिला वर्ग. म्हटलं, चेहऱ्याकडे नको, हातांकडे बघा. आधी पळा. नाही जमलं तर लपा, दाराला कडी घाला, फोन मुका करा. अगदीच गळ्याशी आलं तर हाताला लागेल ते घेऊन तुटून पडा. पोरी खिदळत होत्या. धाकटी तर मला ताई म्हणायचं की मॅडम, या पेचात. मन लावून ऐकत होता तो एकटा पॉलिशवाला. तोंड उघडत नाही म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणतात. असा विद्यार्थी मिळायला नशीब लागतं बाई!

१० मार्च
आज सराव. हल्लेखोर कोण होणार म्हटल्यावर घुम्याने हात वर केला. बंदूक म्हणून पॉलिशचा ब्रश! हसून हसून पुरेवाट. निम्मे लोक त्याला सापडलेच नाहीत. नंतर त्याने विचारलं, बाकीचे कुठे होते. मीही हौसेने फिरवून एकेक जागा दाखवली: आधी तळमजल्यावर गाद्यांच्या चळतीमागे, मग मधल्या मजल्यावर सामानाच्या लिफ्टमागे, शेवटी वरची आरशांची खोली.

१७ मार्च
पुन्हा सराव, पुन्हा हल्लेखोर तोच. या वेळी झाडून सगळे सापडले. सगळ्यात आधी धाकटी. टाळ्या पडल्या, माझे हात उचलले गेले नाहीत. लपणाऱ्यांत तो एकदाही आलेला नाही.
घरी धाकटीला खोदून विचारलं. म्हणे, मागे त्याने लग्नाचं विचारलं होतं, मी नाही म्हटलं, विषय संपला. मी भडकले. तर मलाच म्हणते, ताई, साप साप म्हणून भुई धोपटू नकोस.

१८ मार्च
सकाळीच पोलिसांकडे गेले. त्यांनी विचारलं, त्याने केलं काय? काय सांगू? नीट शिकला?
मालकांना मात्र पटलं. त्याला आजच काढला. जाताना माझ्यापाशी थांबला. म्हणाला, बाई, फार उपयोगी शिकवलंत. त्याने धाकटीकडे बघितलंसुद्धा नाही. मला भीती वाटतेय.

१९ मार्च
धाकटी घरी बसायला तयार नाही. मी सावलीसारखी तिच्यामागे. सगळ्यांसाठी नव्या जागा शोधायच्या— उद्याच.

२० मार्च, दुपार
आला. खाली गोळीचा आवाज. मग किंकाळी.
आम्ही दोघी आरशांच्या खोलीत. कडी लावलीय. पोलिसांना कळवलंय. बोलायची सोय नाही, म्हणून लिहून धाकटीला दाखवतेय.

धाकटे, रडू नकोस, वाच. आवाजावरून तो खाली गाद्यांपाशी आहे. मी दाखवल्या त्याच क्रमाने येतोय. इथे राहायचं नाही. तो लिफ्टमागे वळला की मी कडी काढते. तू जिन्याने खाली, थेट रस्त्यावर. मी आरशाचा लोखंडी स्टँड घेऊन दारामागे—
नाही. तू थांबायचं नाही. मान हलवू नकोस. एकदा तरी ताईचं ऐक गं—

पावलं. जिन्यावर.
आता लिफ्टकडे वळेल. तयार राहा—

वळला नाही. सरळ इकडेच— धाकटे, माझ्या मागे हो, मी तुटून पडले की तू प—