नकाशात आमचं घर

३ मार्च, सकाळ
अक्षर वाकडं आलं तर येऊ दे. चौथीपर्यंतच शाळा झाली माझी. नव्या मॉलवाल्यांनी नातीला शहराचा चित्रांचा नकाशा काढायला दिलाय, आणि तिला माझा काडेपेट्यांवरच्या चित्रांचा डबा हवाय! साठ वर्षं जमवलेला. घुबड, जहाज, छत्रीवाली बाई. सून दरवर्षी कचरा म्हणायची. आता म्हण की! नात म्हणाली, आजी, इतके भडक रंग नि जाड रेघा आता बघायला मिळत नाहीत, मी नकाशा अस्साच काढणार. म्हटलं, आधी आपलं घर काढ. ती हसली. म्हणजे हो.

८ मार्च
पोस्टावर घुबड बसलं. नदीत जहाज. आमच्या नदीला गुडघाभर पाणी, पण असो. बेकरीपाशी छत्रीवाली. घर अजून नाही. महत्त्वाचं शेवटी काढत असतील. ठरवलं, तिच्या कामात तोंड घालायचं नाही.

९ मार्च
घातलं. थोडंच. मला चित्रं फिकी दिसली, म्हणून तिच्याच स्केचपेनांनी रंगवून दिली. एकशे बारा! पाठ मोडली. नात बघून मटकन खाली बसली नि रडायलाच लागली. आनंद मावेना पोरीला. सून मुलाला म्हणाली, आता तरी आईंना सांगून टाका. तो म्हणाला, नंतर. माझ्यासाठी काहीतरी गुपचूप चाललंय खास!

१४ मार्च, दुपार
समोरच्या मास्तरीणबाईंना मुद्दाम सांगून आले, नकाशात तुमचं घर नाही हो, आमचं आहे. त्या म्हणाल्या, तुमचं? अजून? आणि दार लावून घेतलं. जळतात मेल्या.

१९ मार्च
दोन माणसं टेप घेऊन आली. माझी खोली मोजली, अंगण मोजलं, झाडाभोवतीसुद्धा टेप फिरवली. मुलगा म्हणाला, नकाशासाठी गं आई. केवढं बारीक काम! म्हटलं, माझी खाटही मोजा. एकाने हसत हसत मोजली.

२ एप्रिल
नकाशा छापून आला. भिंग घेऊन आमची गल्ली शोधली. आमच्या जागी जाड रेघांची लाल मोटार, वर झोकदार अक्षरांत पार्किंग. म्हटलं, पोरी, चुकलीस बघ. ती म्हणाली, नाही आजी, हा पुढच्या वर्षीचा नकाशा आहे. मग मुलाने घसा साफ केला. घर मॉलवाल्यांनी घेतलंय. बदल्यात मिळणाऱ्या फ्लॅटला खोल्या दोनच. माझी सोय केलीय, म्हणाला, तुझ्या वयाच्या बायका आहेत तिथे, हवा छान आहे.

मी विचारलं, नकाशात कुठे येतं ते?

नातीने नकाशाची चौकट ओलांडली, कागद ओलांडला, आणि टेबलाच्या पार कडेला बोट ठेवलं. मी भिंग तिथवर नेलं.

नुसतं लाकूड.