पहिली उचल सत्तरची की शहात्तरची

३ मार्च
वेटलिफ्टिंगची निवड स्पर्धा याच महिन्यात. ज्युनिअर गटातलं लेकीचं शेवटचं वर्ष. पण कोच मीच, त्यामुळे चिंता नाही. बाकीचे ताकद लावतील, आम्ही डोकं लावू. मी स्वतः कधी वजन उचललं नाही, म्हणून माझी नजर स्वच्छ आहे.

९ मार्च
स्नॅच म्हणजे एका झटक्यात बार डोक्यावर; संधी तीन. लेक म्हणते, बाबा, सुरुवात सत्तर किलोने करू, ते हमखास जातं, मग चढू. भित्रं धोरण. आईवर गेलीय. शहात्तरने सुरुवात करायची. बोर्डावर आकडा बघूनच बाकीच्या मुली गार. सरावात तिने शहात्तर उचललंय. एकदाच, पण उचललंय.

१७ मार्च
मनगट दुखतं म्हणाली. बायको म्हणाली, तिचं जरा ऐका. ऐकून घेतलं. निर्णय अर्थात माझाच. कुणीतरी खंबीर राहायला हवं.

२३ मार्च, सकाळी
तिने पहिल्या उचलीच्या कार्डावर सत्तर लिहिलं होतं. मी गुपचूप शहात्तर केलं. तिला कळलं तेव्हा बार सत्तरच्या पुढे गेला होता, आणि स्पर्धेत बारवरचं वजन वाढतच जातं, कमी करत नाहीत. पाठ फिरवून मनगटाला पट्टी बांधत बसली. एकाग्रता.

संध्याकाळी
पहिली उचल फसली. ती म्हणाली, तेवढंच ठेवा. मी दोन किलो वाढवले. वाढवलं की मधे इतर मुली उचलतात, आपल्याला दम खायला मिळतो. हा खरा डाव. तीही फसली. तिसरीही. तिन्ही बाद म्हणजे स्पर्धेतूनच बाद. प्लॅटफॉर्म उसळत होता. पंचांची नजर वाकडी. जिंकलेल्या मुलीने अडुसष्टने सुरुवात केली. असल्या जिंकण्यात काय राम?

२ एप्रिल
लेक त्याच मुलीच्या कोचकडे जायला लागली. बायकोला आधीच माहीत असावं. येईल परत. पुढचा डाव आखून ठेवलाय.

१४ जून
खुली स्पर्धा. न सांगता गेलो. खेळाडूंच्या भागात सोडलं नाही, कोचचा पास लागतो. प्रेक्षकांत बसलो. शेजारच्याला समजावत होतो की हलक्या सुरुवातीने दरारा जातो. तो म्हणाला, काका, जरा बघू द्या. तिच्या तिन्ही उचली गेल्या वर, कुठे डगमग नाही. तिचा कोच एका कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा. असलं कोचिंग कुणीही करेल.
बाहेर भेटली. मेडल दाखवलं. मी म्हणालो, चल, घरी जाऊ. म्हणाली, तुम्ही व्हा पुढे बाबा, आई जेवायची थांबली असेल. मी टीमबरोबर आहे.
बरं म्हणालो.