प्रॉक्सीचे ते वरचे बटण

मंगळवार, सायंकाळ. कोरमंगला, बंगळुरू

मला स्वतंत्रपणे मिळालेले हे पहिलेच काम, आणि ग्राहकाचे संकेतस्थळ पीजीच्या खोलीतून उघडेना! ते केवळ ऑफिसच्या प्रॉक्सीतूनच, म्हणजे ऑफिसच्या मधल्या सर्व्हरमार्गेच दिसते. त्यासाठी ब्राउझरला जोडलेल्या एक्स्टेंशनमध्ये नवी प्रोफाइल बनवून प्रॉक्सीचा पत्ता, पोर्ट क्रमांक, सारे दोनदा पडताळून भरले, सेव्हही केले. तरी नकारच. टीमलीडना विचारावे, तर इंग्रजी वाक्य जुळवण्यातच दुपार संपली. शेवटी 'साइट उघडत नाही' एवढेच कळवले.

मग माझी नागपूरची रूममेट मृणाल डोकावली. "अगं बाई, प्रोफाइल बनवली ना तू, मग चालू कोण करणार? ते वरचं बटण दाब ना!"

दाबले. उघडले! एवढे सारे भरले, आणि ते एक बटण...

तेवढ्यात टीमलीडचा निरोप आला: काम टीममधल्या रोहितला दिले आहे, काळजी नको.

'आता उघडले' असे का नाही लिहिले मी? चक्क 'थँक यू' लिहिले!