फुगीर काच की सपाट

२३ नोव्हेंबर, रविवार
ठरलं. घड्याळ घ्यायचं. लिमिटेड एडिशन, जगात फक्त शंभर नग. किंमत इथे लिहीत नाही, ही वही बायकोच्या, मंगलच्या हाताला लागते. पलूसमध्ये ठिबकचे पाइप विकणाऱ्या माणसालाही बावन्नाव्या वर्षी एक हौस असू शकते. मेहुणा जयराज शिरवळहून आला की बाही सारून बसतो आणि सगळे त्यालाच वेळ विचारतात. मला कुणी विचारत नाही. आई विचारते, पण ते वेगळं. मोतीबिंदूमुळे तिला भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही आणि जैन नेमाप्रमाणे दिवस मावळल्यावर ती पाणीसुद्धा घेत नाही. म्हणून रोज संध्याकाळी, अजित, दिस हाय का रं अजून? मी हो म्हटलं की जेवते.

२६ नोव्हेंबर
नवा प्रश्न. काच दोन प्रकारांत मिळणार, फुगीर आणि सपाट. बुकिंग करतानाच निवडायची, नंतर बदल नाही. फुगीर खानदानी दिसते. फुगीर फायनल.

२८ नोव्हेंबर
स्टँडसमोरच्या फारूककडे गेलो. तो घड्याळं दुरुस्त करतो. म्हणाला, आवं अजितशेठ, फुगीर काच दाराच्या कडीला पयली आपटती, सपाट घ्या. वर विचारतो, हातातल्या घड्याळात सेल कवा टाकणार, दोन म्हैनं बंद हाय. म्हटलं, त्यात आता पैसे घालण्यात अर्थ नाही. सपाट फायनल.

१ डिसेंबर
दिवसभर दुकानात व्हिडिओ पाहिले. सपाट काचेवर ऊन चमकतं. फुगीर काचेतून आकडे कडेनं वाकडे दिसतात. एक गिऱ्हाईक पाइपाचा जॉइनर मागत होतं, त्याला सफायर काच म्हणजे काय ते समजावलं. तो समोरच्या दुकानात गेला. अडाणी. मंगल म्हणाली, दोनी काचंतनं वेळ एकच दिसणार न्हवं? तिला विषयच कळलेला नाही.

४ डिसेंबर
संकल्प: काचेचा विचार बंद. मंगलनं आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख विचारली. घड्याळ आलं की लगेच. तिलाही ते नीट दिसायला हवं.
(फुगीर.)

७ डिसेंबर, रविवार, दुपारी ४
बुकिंग साडेपाचला. मंगल बारशाला सांगलीला निघाली. आईचं ताट वाढून झाकून ठेवलंय. जाताना दोनदा बजावलं, सहाला दिस मावळतोय, आईस्नी वेळंत सांगा. म्हटलं, वेळेच्या बाबतीत मला शिकवू नकोस.

त्याच दिवशी, ६.२०
साडेपाचला ऑनलाइन लाइनीत लागलो. ५.४४ ला नंबर आला. फॉर्म भरायला दहा मिनिटं. नाव, पत्ता झटक्यात. मग काच. फुगीर दाबली. फारूक आठवला, सपाट दाबली. आतून आईची हाक, दिस हाय का रं? थांब जरा, म्हटलं. परत फुगीर. फारूकला फोन लावला, उचलेना. परत हाक. थांब म्हटलं ना! स्क्रीनवर आलं, आपला वेळ संपला आहे. पुन्हा लाइनीत घुसलो. शंभरच्या शंभर नग गेले.
तेव्हा ६.११ झाले होते. आत गेलो. आई झाकल्या ताटापुढे बसलेली. अजून दिस आहे असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं, तिला कुठे दिसणार होतं? पण म्हणवलं नाही. फार लाज वाटली. ती म्हणाली, असू दे रं, उपास घडला. तुजं काम झालं न्हवं?
आज मीही जेवणार नाही.

८ डिसेंबर
काल फक्त दोन केळी. केळी म्हणजे जेवण नव्हे.
वेटिंग लिस्टला नाव टाकलं. काच सपाट.
संध्याकाळी पावणेसहाला मोबाइल हातात धरून मुद्दाम आईच्या शेजारी जाऊन बसलो. तिनं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, मंगल, दिस हाय का गं अजून?