बाबांच्या अळम्यांची जागा

२ जुलै
बाबा फेब्रुवारीत गेले. आता अळम्यांचा, म्हणजे रानातल्या अळंब्यांचा सीझन. आमच्या कोरगावात ज्याला रानात अळमी उगवणारं वारूळ सापडतं, तो ती जागा कोणाला सांगत नाही. जायची वेळ आली की घरातल्या एकाला सांगतो. आमच्या घरात तो एक म्हणजे मी, थोरला मुलगा. हॉस्पिटलात बाबांनी माझा हात धरून तोंड उघडलं होतं. तेवढ्यात धाकटा सुदेश आत आला आणि ते गप्प झाले. म्हणजे सांगायची मलाच होती.

संकल्प: जागा स्वतः शोधणार. कोणाला पत्ता लागू देणार नाही. फक्त ऑफिसातल्या तुषारला सांगितलं. आणि न्हाव्याला, कारण केस कापणं चालू होतं.

५ जुलै
गमबूट घेतले. मोबाईलवर मशरूम ओळखायचं ॲप घेतलं.

बाबा गेल्यापासून बायको फार देवभोळी झाली आहे. शुभांगी पहाटेच सातेरीच्या देवळात जाते, गौरवीलाही नेते. मुलीला लहानपणी वळण लागलेलं बरं. दोघींच्या चपला आज लाल मातीने भरलेल्या. रस्त्याने चालत जा, असं बजावलं.

दुपारी अळम्यांचं तोणाक, खोबऱ्याच्या दाट रश्श्याचं. पेडण्याच्या बाजारात एका बाईकडून घेतली, शुभांगी म्हणाली. चव थेट बाबा आणायचे त्या अळम्यांची. आमच्या जागेवरची अळमी कोणीतरी काढून विकतोय. सुदेशशिवाय कोण असणार?

९ जुलै
सापडली! काजूच्या बागेमागे, कुजक्या ओंडक्यावर, पिवळसर, भरपूर. ॲप म्हणालं, खाण्यायोग्य असू शकते.

शुभांगीने दारातूनच बघितलं आणि पिशवीसकट खताच्या खड्ड्यात टाकली. आपली अळमी वारुळावरच येतात, त्यांचा देठ खाली मुळासारखा लांब जातो, हे खाल्लंत तर हॉस्पिटलात नेणार कोण, असं बरंच काही बोलली. हिला एवढं ज्ञान कुठून? यूट्यूब.

१३ जुलै
सुदेशला वाळपईला फोन केला. आडवळण न घेता विचारलं. उलट तोच म्हणाला, बाबांनी जागा तुला सांगितली आणि तू आम्हाला एक पान भरूनही अळमी पाठवली नाहीस, म्हणून घरात सगळे रागावलेत. काय ॲक्टिंग. सख्खा भाऊ. ह्याला मी सायकल शिकवली.

रागाच्या भरात त्याला ३ ऑगस्टला जेवायला बोलावलं. श्रावणातला रविवार, मटणाऐवजी अळम्यांची शागोती, माझ्या जागेवरची. तुषारलाही बोलावलं. साक्षीदार असावा.

२० जुलै
जागा मिळाली की अळमी गणपतीच्या चवथीपर्यंत टिकवायची आहेत, तेव्हा आधी ट्रायल घेतली. रस्त्यावरून विकत आणली. अर्धी पेपरवर पसरून फॅनखाली ठेवली. काळी पडली, पेपरला चिकटली. अर्धी मिठाच्या पाण्यात घालून बरणी गच्च बंद केली. झाकण उडालं. वास अजून आहे. दोष हवामानाचा.

शुभांगीने चुलीवर धुरात दोऱ्यात ओवून काहीतरी टांगलंय. सुकी मासळी म्हणावी तर श्रावण तोंडावर. विचारायला वेळ नाही, बरणी धुवायची आहे.

२७ जुलै
सुदेशला रंगेहाथ पकडायला पहाटे रानाच्या वाटेवर छत्री घेऊन बसलो. सुदेश आला नाही. जळवा आल्या. रानातून फक्त शुभांगी आणि गौरवी आल्या, टोपलीवर पानं झाकून. देवळातून येत असणार. देऊळ दुसऱ्या बाजूला आहे, पण पावसात माणूस वाट चुकतो.

सुदेशला बेत कळला असावा. तुषारनेच फोडला. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

२ ऑगस्ट
उद्या जेवण. अळमी नाहीत. म्हापशाहून पॅकेटातली बटण मशरूम आणू, खोबऱ्याच्या वाटणात कोणाला कळतंय, असं सुचवलं. शुभांगी म्हणाली, तुम्ही फक्त पानं वाढा.

३ ऑगस्ट, संध्याकाळ
शागोती खरी होती. पहिल्या घासाला सुदेश थांबला. डोळे पुसून म्हणाला, दादा, ही बाबांचीच. मग त्यांनी जागा तुलाच दिली, बरं झालं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घालून हो म्हणालो. गौरवी तोंडावर हात धरून आत पळाली.

पाहुणे गेल्यावर शुभांगीला विचारलं. गेल्या पावसाळ्यातच बाबांनी तिला जागा दाखवली होती. मला का नाही? तिने बाबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले: “त्येका सांगू नको गो. त्येच्या तोंडात तीळ भिजना.”

आणि हॉस्पिटलात माझा हात धरला होता तो? फॅन बंद करायला सांगत होते म्हणे, मग तिनेच तो केला. थंडी वाजत होती.

महिनाभर चोर शोधला. चोर मला रोज वाढत होता. बायकोने फसवलं, ते एक वेळ सोडून देईन. बाबांनी फसवलं. मी त्यांचा मुलगा, ती सून. जेवलो नाही. (शागोती थोडी उरली होती, ती खाल्ली.)

४ ऑगस्ट
शुभांगीला म्हणालो, मला जागा दाखव, नाहीतर ह्या घरात माझी किंमत काय? तिने बराच वेळ भांडी घासली. मग म्हणाली, रविवारी चला, पण कोणाक कळता कामा नये. मी सातेरीची शपथ घेतली. बाबांना खोटं पाडणार.

६ ऑगस्ट
तुषारला जागा सांगितलेली नाही. ती मलाच कुठे माहीत आहे? रविवारी पहाटे निघणार, एवढंच सांगितलं. शपथ जागेची होती, वेळेची नव्हे.

१० ऑगस्ट
पहाटे गमबूट घालून बाहेर आलो. फाटकाशी तुषारची स्कूटर. मागे न्हावी. दोघांकडे पिशव्या.

शुभांगीने खिडकीतून बघितलं. टोपली ठेवली आणि सगळ्यांना चहा केला. आज देवळात जायचं नाही म्हणाली. पोदेर आला, त्याचे पाव घेतले. आम्ही तिघांनी चहात बुडवून खाल्ले. पुढच्या रविवारी कधी निघणार, म्हणून न्हाव्याने विचारलं. शुभांगी माझ्याकडे बघत होती. मी कपात बघितलं.

गौरवी चहाला नव्हती. ते दोघे गेल्यावर मागच्या दाराने आली. परकर वर खोचलेला, ओटी भरलेली, चपला लाल. मी विचारलं, कुठे गेली होतीस गो?

देवळात, म्हणाली.