निरोपाच्या प्रसंगातले माझे वाक्य

मी, कोरा ब्रँट, पडद्यावरची मिस डेल्फिन मोर, वय बासष्ट, राहणार हॉलिवूड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. हृदय कमजोर असले तरी डोके ठिकाणावर आहे. दिग्दर्शक लुथर पर्डी हयात असते, तर "ते कधी होतं?" असे त्यांनी नक्की विचारले असते.

१. रंगपेटी शाळेच्या नाटकमंडळीला द्यावी. मूकपटाच्या फिल्मवर लाल रंग काळा उमटे, म्हणून आम्ही तोंडाला पिवळे फासत असू. जेवणाच्या सुट्टीत तशाच अवतारात संत्र्यांच्या बागेत बसायचो. आम्हाला पाहून बागवाला घाबरून पोरांना घरात घेई. फार सुखाचे दिवस होते, आजही आठवले की जीव तिकडे ओढतो.

२. फरचा कोट कोणालाही द्यावा, पर्डींच्या पत्नीला मात्र नाही. तिने तो पंचवीस साली मागितला होता, तेव्हाही मी नाहीच म्हटले होते.

३. राहते घर व शिवणयंत्र थोरली बहीण अल्मा, राहणार ओमाहा, हिला मिळावे. अडतीस वर्षे तिने माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेले नाही. दोष माझा आहे, म्हणून लिहिते.

आई गेल्यावर मला अल्मानेच वाढवले. लहानपणी तापात तिचे कान गेले, तेव्हापासून ती ओठ वाचते. माझे सगळे पोशाख तिनेच शिवले. एकोणीस साली एका मूकपटातल्या निरोपाच्या प्रसंगात मला रडू यावे म्हणून व्हायोलिनवाला सकाळपासून वाजवत होता, तरी रडू येईना. पर्डी ओरडले, "ओठ हलव गं, मनात येईल ते बोल. ऐकणार कोण आहे?"

सकाळीच अल्माचे नि माझे भांडण झाले होते. मी कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाले, "ही बहिरी माझ्या गळ्यातली धोंड आहे. कधी सुटेन मी?" आणि घळाघळा रडले.

पहिल्या खेळाला पडद्यावर माझ्या संवादाची पाटी आली, 'आई, मी परत येईन.' सारे थिएटर हुंदके देत होते. अल्मा माझ्या शेजारी बसली होती.

घरी आल्यावर तिने विचारले, "किती दिवस मनात होतं हे?"

"अगं, ते काम होतं."

"काम पाटीवर होतं," ती म्हणाली, आणि सकाळच्या गाडीने गेली. त्याच अश्रूंनी मला नायिका केले. पुढे बोलपट आले, माझा आवाज कोणाला आवडला नाही, त्याचे मला फार वाईट वाटले नाही. अल्माचे वाटते, रोज वाटते.

४. गेल्या मंगळवारी जुने कॅमेरामन ओटिस रेन यांनी माझ्या अंगणात जुना, हाताने फिरवायचा कॅमेरा माझ्यावर लावला. "आवाज घेऊ?" त्यांनी विचारले. मी नको म्हटले. "मग पाटीवर काय लिहायचं?" तेही नको म्हटले, आणि कॅमेऱ्याकडे पाहून बोलले. ती फिल्म व प्रोजेक्टर त्यांनी स्वतः ओमाहाला न्यावा, यंत्र सुरू करून द्यावे आणि खोलीबाहेर थांबावे.

अल्माने फिल्म न बघता परत पाठवली, तरी घर तिचेच.

साक्षीदार: ओटिस रेन, विनिफ्रेड टॅली, शेजारीण
सही: कोरा ब्रँट
हॉलिवूड, ९ मार्च १९५७