नत्थूची भिंत

प्रिय मेघा,

साकोलीहून तू दोनदा फोन केलास आणि मी उचलला नाही. तुझा आवाज ऐकला असता तर मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. माझे बाबा रंगवताना बांबूच्या माचीवरून पडले असं तुला माहेराहून कळलं. ते पडले नाहीत.

घाटाच्या भिंतीवर चित्रं काढायला बाहेरून पोरं आणली होती, ती तू मागच्या खेपेला पाहिलीस. मोर, कमळं, हसरी मुलं. बाबांचा जन्म झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवण्यात गेला, पण त्यांना कुणी विचारलंही नाही. ते चिडले नाहीत. डोंगे लागतात तिकडचा शेवटचा तुकडा कोराच राहिला होता, तिथे ते आपले डबे घेऊन गेले. मला वाटलं, नदी काढतील. त्यांनी नत्थू काढला.

आपल्याला डोंग्यातून नदीपलीकडे नेणारा तोच नत्थू. उन्हाळ्यात रेतीच्या टिप्परनं मागे येताना त्याला चिरडलं आणि पुढे जाताना पुन्हा. त्याच्या पोटातून बाहेर आलेलं शकुनबाईनं, त्याच्या बायकोनं, लुगड्याच्या पदरानं झाकलं होतं. अर्ध्या गावाचं पोट रेतीवर, म्हणून कुणी तक्रार केली नाही. बाबांनी तो टिप्पर काढला, ते चाक काढलं आणि चाकाखाली उघड्या डोळ्यांचा नत्थू. शकुनबाई रोज येऊन समोर बसायची.

एका दुपारी रेती उपसतात त्या घाटावरचे चौघे आले. पुढचा आमच्या ओळखीचा होता, आमच्या घरी जेवलेला. आधी तो नरमाईनं बोलला, "काकाजी, पुसून टाका. कायले जीव देऊन राहिले?"

ब्रश न थांबवता बाबा म्हणाले, "नत्थू माहा दोस्त होता. मी नाही पुसत."

त्यानं लाथ घालून माची पाडली. दोघांनी बाबांचा उजवा हात फरशीवर दाबून धरला आणि त्यानं तो लोखंडी सळईनं ठेचला. थांबून, पुन्हा पुन्हा. बाबा नुसत्या टाचा घासत राहिले. मग डब्यातला काळा रंग त्यांच्या तोंडावर ओतला. बाहेरची पोरं लांबून बघत होती. एकानं मोबाइल वर केला आणि लगेच खिशात घातला.

मी बाबांचा जेवणाचा डबा घेऊन तेव्हाच पोचले होते. पडलेल्या माचीचा बांबू उचलला आणि सळईवाल्याच्या तोंडावर हाणला. तो वळला, तेव्हा परत. त्याचे दात फरशीवर पडलेले मी पाहिले आणि मला बरं वाटलं. तो खाली बसला, बाकीचे पळाले, तरी मी बांबू उचललाच होता. शकुनबाईनं मागून मला कवेत आवळून धरलं म्हणून तो जिवंत आहे.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात बाबांची तीन बोटं कापावी लागली. आता ते डाव्या हातानं पेला धरायला शिकताहेत. सांडलं की माझ्याकडे बघत नाहीत. भिंतीवर त्याच संध्याकाळी चुना मारला गेला.

मेघा, मनिषची गाडी घसरली असंही तुला सांगितलं असेल. ती घसरली नाही. तुझ्या भावाचा जबडा मी फोडला, बाबांचा हात त्यानं. काल तुझे वडील आले होते. पोराचं लग्न तोंडावर आहे, पडले असंच राहू दे, म्हणाले. बाबांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. उद्या मी आणि शकुनबाई ठाण्यात जबाब द्यायला जातो आहोत. मी मनिषचं नाव सांगणार, नत्थूचं सांगणार आणि मी काय केलं तेही सांगणार. त्यानंतर पोलीस तुझ्या माहेरी येतील. तुला हे शेजारणीकडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. तू त्याची बाजू घेतलीस तरी मी समजू शकते, तो तुझा भाऊ आहे. फक्त मी खोटं लिहिलं असं म्हणू नकोस.

तुझीच,
कामिनी